गावातल्या रस्त्यांवर स्नोमोबाईल: व्हिलेज बोर्डाच्या हाती नेमके काय असते?

मॅडिसनकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

उत्तर विस्कॉन्सिनमधल्या, हजाराच्या आत वस्ती असलेल्या एका गावात आम्ही यंदा घर घेतले असून नोकरी घरूनच करता येत असल्यामुळे हिवाळाही तिथेच काढणार आहोत. गाव तळ्याकाठी आहे. एक गॅस स्टेशन, एक मोटेल, दोन-तीन बार आणि एक किराणा दुकान एवढीच काय ती बाजारपेठ, आणि बर्फ पडला की या सगळ्यांचा धंदा स्नोमोबाईलवाल्यांवरच (म्हणजे स्की लावलेली, बर्फावर चालणारी मोटारगाडी घेऊन येणाऱ्यांवरच) चालतो, हे घर घेतानाच आम्हाला अनेकांनी सांगितले होते. सध्या गावातल्या दोनच रस्त्यांवर स्नोमोबाईल चालवायला परवानगी आहे. आता व्हिलेज बोर्डापुढे, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळापुढे, असा प्रस्ताव आला आहे की गावातले सगळेच रस्ते खुले करावेत, वेगमर्यादा ताशी १५ मैल ठेवावी आणि रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत गावातली ये-जा बंद असावी. पुढच्या महिन्यात त्यावर जाहीर सुनावणी आहे आणि आमच्या गल्लीत त्यावरून आतापासूनच दोन तट पडले आहेत.

मला बाजू घेण्याआधी नियम समजून घ्यायचे आहेत. राज्याचा कायदा असताना एवढ्याशा गावाला वेळ आणि वेग ठरवण्याचा अधिकार खरोखर असतो का? दुसरे असे की, स्थानिक स्नोमोबाईल क्लबचे लोक आमच्याकडे येऊन गेले. घरामागच्या आमच्या मोकळ्या जमिनीच्या कडेने ट्रेल, म्हणजे स्नोमोबाईलची वाट, नेण्यास परवानगी द्यावी, अशी त्यांची विनंती आहे. माणसे भली वाटली, पण आमचे वडील सांगलीहून रोज फोनवर एकच गोष्ट बजावतात, की एकदा वाट दिली की ती कायमची गेली. शिवाय तिथे कुणी पडले-झडले तर दावा आमच्यावर यायचा. शेवटचे म्हणजे आमची मुलगी ११ वर्षांची आहे. शेजारची तिच्याच वयाची मुले गाडी चालवताना दिसतात आणि घरापासून तळ्यापर्यंतचे दोन रस्ते आपणही चालवू द्यावेत, असा तिचा हट्ट आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरवाट

मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि क्लबच्या ट्रेलच्या कामात स्वयंसेवक आहे, तेव्हा माझे झुकते माप कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

विस्कॉन्सिनमध्ये स्नोमोबाईलचा सगळा कारभार राज्याच्या कायद्याच्या ३५०व्या प्रकरणाखाली चालतो, आणि त्यातली मूळ भूमिका अशी आहे की सार्वजनिक रस्ता स्नोमोबाईलला बंदच असतो. त्याला जे अपवाद आहेत तेवढेच खुले. रस्ता ओलांडता येतो, पण पूर्ण थांबून, गाड्यांना वाट देऊन आणि अगदी सरळ रेषेत. ज्या रस्त्यावरचा बर्फ वाहतुकीसाठी काढला जात नाही, त्यावरून जाता येते. हायवेच्या कडेने, डांबरापासून किमान १० फूट अंतर राखून जाता येते. मात्र अंधार पडल्यावर त्या बाजूची वाहतूक ज्या दिशेने जाते त्याच दिशेने, म्हणजे समोरच्या गाडीच्या डोळ्यांत आपला दिवा जाणार नाही अशा बेताने. आणि चौथा अपवाद म्हणजे गावाने, टाऊनने किंवा शहराने ठराव करून ‘स्नोमोबाईल रूट’ म्हणून जाहीर केलेला रस्ता. तुमचा प्रस्ताव या चौथ्या प्रकारातला आहे. म्हणजे बोर्ड काही बंद करत नसून, जे कायद्याने मुळात बंद आहे ते खुले करत आहे, आणि खुले करताना अटी घालत आहे. आपणच जाहीर केलेल्या रूटवरची वाहतूक नियंत्रित करण्याचा अधिकार त्याच प्रकरणातल्या १८व्या कलमाने गावाला दिलेला आहे, त्यामुळे ताशी १५ मैल आणि रात्रीची बंदी या दोन्ही गोष्टी त्याच्या कक्षेत बसतात. जे बोर्डाला करता येत नाही ते म्हणजे राज्याचे नियम सैल करणे. दारूची मर्यादा, वयाची अट, अपघात कळवण्याची जबाबदारी यांत गावाने स्वतःचे काही मोजमाप ठरवायचे ठरवले तरी ते टिकणार नाही.

सुनावणीत तुम्ही एक मुद्दा जरूर विचारा. सगळे रस्ते रूट म्हणून जाहीर करण्याऐवजी बोर्डाला एक मधला मार्गही मोकळा आहे. घरातून किंवा मुक्कामाच्या जागेतून जवळच्या रूटपर्यंत वा ट्रेलपर्यंत, कमीत कमी अंतराने जाण्यापुरतीच परवानगी देणारा उपविधी गावाला करता येतो. फरक असा, की रूट जाहीर झाला की इलिनॉयमधून शनिवारी आलेला पाहुणाही तुमच्या गल्लीतून हवा तितका फेरफटका मारू शकतो. ‘घर ते ट्रेल’ एवढीच परवानगी असली तर त्या गल्लीतून फक्त तिथे राहणारा किंवा उतरलेला माणूस जाणार, तोही सरळ वाटेने. बऱ्याच गावांना हवे असते ते एवढेच, पण प्रस्ताव लिहिताना घाईने ‘सर्व रस्ते’ असे लिहून मोकळे होतात.

ठराव मंजूर झाल्यावर त्याची प्रत गावाच्या क्लार्कने नैसर्गिक संसाधन खात्याकडे, म्हणजे इथे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात त्या खात्याकडे, तसेच राज्याच्या वाहतूक पोलिसांकडे आणि त्या रस्त्यावर अंमल असलेल्या पोलीस यंत्रणेकडे लगेच पाठवायची असते. रूटच्या पाट्याही लावाव्या लागतात. त्या पाट्यांचा खर्च कोण करणार आणि किती चौकांत त्या लागतील, हे प्रस्तावात लिहिलेले आहे का ते पाहा. आमच्याकडे हा खर्च क्लबने उचलला होता, कारण पाटी नसलेल्या रस्त्यावर डीएनआरच्या वॉर्डनने दंड केला की शिव्या शेवटी क्लबलाच बसतात.

सातबारा

जमिनीच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वडिलांची भीती निराधार नाही, फक्त ती महाराष्ट्रातली आहे.

आपल्याकडे शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेवर किती भाऊबंदक्या पेटल्या आहेत हे निराळे सांगायला नको. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्काने वापरलेली वाट वहिवाटीची होते, आणि कुणी ती अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. विस्कॉन्सिनमध्येही मुदत योगायोगाने २० वर्षांचीच आहे. मात्र तिथे दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पहिली ही की वापर मालकाच्या हक्काला विरोध करून झालेला असावा लागतो. परवानगीने झालेल्या वापरातून, तो कितीही वर्षे चालला तरी, असा हक्क जन्माला येत नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची: कुंपण नसलेल्या मोकळ्या जमिनीवरून नुसते जाणे-येणे झाले असेल, तर ते परवानगीनेच होते असे तिथला कायदा गृहीत धरतो. त्यामुळे क्लबशी लेखी करार करणे ही वाट गमावण्याची पहिली पायरी नसून वाट आपल्याच ताब्यात असल्याचा कागद आहे. करार हंगामापुरता असावा, त्यात ट्रेलची रुंदी आणि जागा नकाशावर दाखवलेली असावी आणि अमुक दिवसांच्या नोटिशीने तो रद्द करता येईल असे कलम असावे. परवानगी न घेता परक्या जमिनीवर गाडी घालणे राज्याच्या कायद्यानेच निषिद्ध आहे, आणि पाटी लावलेली नव्हती म्हणून मूकसंमती होती, असे म्हणण्याची सोयही त्या कायद्याने ठेवलेली नाही.

दाव्याबद्दल: विस्कॉन्सिनच्या कायद्यातल्या ८९५.५२ या कलमाचा आकडा लक्षात ठेवा. करमणुकीसाठी जमिनीवर आलेल्या माणसासाठी जमीन सुरक्षित ठेवण्याची, तपासण्याची किंवा धोक्याची सूचना देण्याची जबाबदारी त्या कलमाने मालकावरून काढून घेतली आहे, आणि त्यात स्नोमोबाईलचा समावेश आहे. हे संरक्षण सुटते ते ठरावीक परिस्थितीत. खाजगी मालकाने अशा वापरातून वर्षाला २,००० डॉलरपेक्षा जास्त कमाई केली तर ते राहत नाही. माहीत असलेला धोका दुष्टाव्याने लपवला, म्हणजे उदाहरणार्थ कुणाला अद्दल घडावी म्हणून वाटेत तार बांधली, तर ते राहत नाही. आणि एखाद्या खास प्रसंगाला तुम्ही स्वतः नाव घेऊन बोलावलेला पाहुणा घराच्या आवारात जखमी झाला तर त्याचा हिशेब वेगळा होऊ शकतो. क्लबच्या ट्रेलवरून जाणारा अनोळखी माणूस त्या प्रकारात येत नाही. तरीही घराच्या विमा कंपनीला एक पत्र टाकून लेखी उत्तर घ्या आणि काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) किंवा क्लबचा दायित्व विमा तुमच्या जमिनीला लागू आहे का, हे करारावर सही करण्याआधी पाहा. मी तिथला वकील नाही. सही करण्यापूर्वी तासाभराची फी देऊन तिथल्या वकिलाला करार दाखवणे स्वस्तात पडेल.

रात्रपाळी

वर लिहिलेले सगळे खरे असले तरी ट्रेलच्या कडेला राहून पाहिलेल्या माणसाचेही ऐकावे, म्हणून लिहिते.

मी इस्पितळात काम करते आणि महिन्यातले अर्धे दिवस दिवसा झोपते, त्यामुळे रात्री ११ची बंदी माझ्या काही कामाची नाही. पण माझा आक्षेप त्याहून वेगळा आहे. कागदावर राज्याचा नियम पुरेसा कडक आहे. रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत राहत्या घरापासून १५० फुटांच्या आत असताना वेग ताशी १० मैलांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि पायी चालणाऱ्या माणसापासून १०० फुटांच्या आत तर दिवसाही तीच मर्यादा आहे. आमच्या गावातली घरे रस्त्यापासून ५०-६० फुटांवर आहेत. म्हणजे रात्री साडेदहानंतर सगळ्या गावात वेग ताशी १० मैलच असायला हवा आणि तुमच्या प्रस्तावातले १५ मैल साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात लागूच होत नाहीत. हे बोर्डातल्या कुणाच्या लक्षात आले आहे का, हे मला कुतूहल आहे. ज्या गावात सगळा मिळून एखादा अर्धवेळ पोलीस असतो आणि शेरिफची गाडी चाळीस मैलांवरून यायची असते, तिथे हे मोजणार कोण?

आवाजाचेही तसेच. १९७५नंतर तयार झालेल्या गाड्यांचा आवाज पूर्ण वेगात, ५० फुटांवरून ७८ डेसिबलपेक्षा जास्त नसावा हे प्रमाण उद्योगानेच स्वीकारलेले आहे, आणि जशी कारखान्यातून आली तशी गाडी गल्लीतून सावकाश गेली तर काच लावलेल्या खोलीत खरोखरच फारसे कळत नाही. झोपमोड होते ती मूळ सायलेन्सर काढून बाजारातला पाइप बसवणाऱ्यांमुळे. असे दहातले एक-दोनच असतात, परंतु रस्ता खुला झाला की ते एक-दोनही येतात. म्हणून माझे मत असे की दोन रूट आहेत ते पुरे आहेत, आणि घर ते ट्रेल एवढीच परवानगी वाढवावी. आणखी एक निरीक्षण सांगते. जानेवारीत बर्फ काढणारे प्लो फिरून फिरून चौकाच्या कोपऱ्यांवर बर्फाचे ढीग माणसाच्या उंचीचे होतात. स्नोमोबाईलवरचा माणूस जमिनीलगत बसलेला असतो, त्यामुळे गाडीच्या दोन्ही स्की ढिगाच्या बाहेर येऊन रस्त्यात पोचल्याशिवाय त्याला मोटार दिसत नाही आणि मोटारवाल्याला तो दिसत नाही. रस्ते वाढवायचे तर कोपऱ्यांवरचे ढीग उपसण्याची सोय आधी करा, असे मी आमच्या बोर्डाला दोनदा लिहून दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

उत्तरवाट

रात्रपाळी यांचा साडेदहा ते अकराचा मुद्दा बिनतोड आहे आणि सुनावणीत तो जसाच्या तसा मांडावा. दोन्ही मर्यादा एकमेकींशी जुळवून गावाने सरसकट ताशी १० मैल ठेवले आणि बंदी साडेदहापासूनच लावली, तर पाटीही एकच लागेल आणि वादही राहणार नाही.

कोपऱ्यांबद्दलही सहमत. त्यात एक भर घालतो, कारण रस्ते खुले करण्याच्या उत्साहात ती नेहमी राहून जाते. प्लो झालेल्या डांबरावर स्नोमोबाईल नीट वळत नाही आणि नीट थांबतही नाही, कारण तिच्या स्कीखालच्या कार्बाईडच्या पट्ट्यांना आणि मागच्या रबरी पट्ट्याला धरायला बर्फच नसतो. शिवाय पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना पट्ट्याने उडवलेला बर्फ थंड ठेवतो; कोरड्या रस्त्यावर मैलभर गेले की तापमानाचा दिवा लागतो आणि तो पट्टा ज्यांवरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळू लागतात. जिथे ट्रेल रस्ता ओलांडते तिथे डांबरावर उमटलेल्या समांतर पांढऱ्या चऱ्या उन्हाळ्यात जाऊन पाहाव्यात. रस्ता दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न त्या पाहिल्याशिवाय कुणाला सुचत नाही. त्यामुळे उपविधीत ‘रस्त्याच्या उजव्या कडेने, बर्फ असेल तिथून, एकामागे एक’ अशी अट घालणे हे चालकाच्याही हिताचे असते.

तरीही एका बाबतीत रात्रपाळी यांच्याशी माझे जमत नाही. रूट वाढवू नयेत, असे सरसकट म्हणता येणार नाही. २०२३-२४च्या हिवाळ्यात उत्तरेत बर्फ जवळजवळ पडलाच नाही, ट्रेल उघडता आल्या नाहीत आणि त्या वर्षी मोटेलवाल्यांचे काय हाल झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. गॅस स्टेशन आणि मोटेल यांना ट्रेलपासून तोडणारा शे-दोनशे यार्डांचा रस्ता बंद असेल, तर चालक पुढच्या गावाला जातो. उत्तरेतल्याच व्हायलस काउंटीतल्या सेनर गावात कार्ल एलियासनने १९२४ साली मोटर लावलेली घसरगाडी बनवली आणि १९२७ साली तिचे पेटंट घेतले. ती पहिली गाडी तिथल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. ज्या मुलखात हे वाहनच जन्मले, तिथे त्याला पाहुणा समजून बोर्डापुढे उभे राहिलात तर पहिल्या वाक्यालाच लोक कान बंद करतील. ‘कुठला रस्ता आणि का’ या भाषेत बोलावे.

तळ्याकाठी

मुलीबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात.

१२ वर्षांखालच्या मुलाने स्नोमोबाईल चालवायची तर आई, वडील, पालक किंवा १८ वर्षांवरची व्यक्ती सोबत असावी लागते, आणि ‘सोबत’ म्हणजे त्याच गाडीवर. मागून दुसऱ्या गाडीवरून येणे चालत नाही. १२ पूर्ण झाल्यावर, १ जानेवारी १९८५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या सर्वांना सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे तुमच्या वयानुसार कदाचित ते तुम्हालाही लागेल. तुमच्या स्वतःच्या जमिनीवर मुलीला चालवायला या अटी लागू नाहीत. मात्र इथेच अनेक पालक फसतात: घराला लागून असले तरी गोठलेले तळे ‘स्वतःची जमीन’ धरले जात नाही, ते सार्वजनिक पाणीच राहते. तेव्हा तिला घरामागे शिकवा, तळ्यावर आणि गल्लीत तुम्ही मागे बसा, आणि पुढच्या हिवाळ्याआधी दोघांनी मिळून प्रशिक्षण पूर्ण करा. शेजारची मुले एकटी जातात हा नियम नव्हे, वॉर्डन अजून भेटलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

गाडी सार्वजनिक ट्रेलवर किंवा रूटवर न्यायची असेल तर नोंदणीखेरीज ट्रेल पासही लागतो, आणि तो ३० जूनला संपतो. डिसेंबरात घेतलेला पास वर्षभर चालेल असे समजू नका. क्लबचे सभासद झालात तर तोच पास बऱ्याच कमी पैशांत मिळतो.

मॅडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. क्लार्कच्या कार्यालयातून प्रस्तावाची पूर्ण प्रत आणली आणि ती वाचल्यावर आणखी एक अडचण दिसते आहे. प्रस्तावाला जोडलेल्या नकाशात मुख्य रस्ताही हिरव्या रंगाने दाखवला आहे, पण तो काउंटीचा रस्ता आहे, त्यावर काउंटीच्या रस्त्यांना असते तशी अक्षराची पाटी आहे. मोटेल आणि गॅस स्टेशन दोन्ही त्याच रस्त्यावर आहेत. गावाचे बोर्ड तो खुला करू शकते का?

जमिनीचा करार आम्ही हंगामापुरता आणि ३० दिवसांच्या नोटिशीने रद्द होणारा असा मागितला. क्लबने कुरकुर न करता मान्य केला. वडिलांना ८९३.२८ या कलमातली मोकळ्या जमिनीची तरतूद वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि मग कराराची प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितली.

सातबारा

रस्ता ज्याच्या ताब्यात, निर्णय त्याचा. काउंटीचा रस्ता असेल तर काउंटीच्या हायवे विभागाची मान्यता आहे का, हे विचारा. ती नसेल तर नकाशातला तो हिरवा रंग म्हणजे बोर्डाची इच्छा, एवढेच. अशा वेळी लोक बहुधा दोन मार्गांनी सुटका करून घेतात. एक तर मोटेलच्या मागच्या बाजूने खाजगी जमिनीतून वाट काढतात, जी तुमच्यासारख्या मालकाच्या परवानगीवर उभी असते, किंवा रस्त्यालगतच्या मोकळ्या पट्ट्यातून, डांबरापासून १० फूट अंतर राखून जातात. गावात फुटपाथ, टपालपेट्या आणि गाड्यांच्या वाटा असल्यामुळे दुसरा मार्ग सहसा जमत नाही.

उत्तरवाट

बरोबर. आणि त्यातूनच तुमच्या हातात किती वजन आहे ते कळेल. आमच्या भागातल्या ट्रेल बहुतांशी खाजगी जमिनीवरूनच जातात. एका मालकाने परवानगी काढून घेतली की मैलोन्‌मैल वळसा पडतो किंवा गाव ट्रेलपासून तुटते, हे क्लबला आणि बोर्डाला दोघांनाही पक्के ठाऊक असते. मोटेलमागची ती वाट तुमच्या जमिनीला येऊन मिळणार असेल, तर सुनावणीच्या आधीच क्लबच्या अध्यक्षांना भेटा आणि सांगा, की परवानगी आहे, परंतु आमच्या गल्लीसाठी घर ते ट्रेल एवढीच मोकळीक असावी, वेग ताशी १० मैल असावा आणि बंदी साडेदहापासून असावी. क्लबने तेच बोर्डापुढे मांडले तर तीन मिनिटांच्या तुमच्या भाषणापेक्षा ते जास्त ऐकले जाईल. मुख्य रस्त्याचा तुकडा नकाशातून वगळून बाकीचा ठराव मंजूर करावा आणि काउंटीची मान्यता आल्यावर तो जोडावा, अशी दुरुस्ती लेखी देऊन ठेवा. क्लार्ककडून तिची शिक्का मारलेली प्रत घ्यायला विसरू नका.